पाण्याखालचा जॉइंट

तारेच्या टोकावर तांब्याचं थिंबल, म्हणजे टोपण, पकडीने दाबून झालं, की निर्मलाताई डोळे मिटायच्या. तारेचे दोन वेढे बोटाला, थिंबल दुसऱ्या हातात, मान थोडी डावीकडे कललेली, आणि मग ओढायच्या. एकदा, दोनदा, तीनदा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई मंत्रबिंत्र पुटपुटतात की काय. मी विचारलंही. त्या म्हणाल्या, "डोळे उघडे असले ना सोनवणे, की आपण जॉइंट बघत बसतो. आणि बघायला गेलं तर सगळेच जॉइंट चांगले दिसतात. तो ऐकायचा असतो." तारेतून नेमका कसला आवाज यायचा ते मला विचारू नका. पहिली दोन वर्षं मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मी नुसती मान डोलवायचो आणि म्हणायचो, "हो ताई, आला आवाज."

आमचं दुकान नाशिकच्या अंबडला, एका पत्र्याच्या शेडच्या मागच्या अर्ध्या भागात होतं. बोटींचं वायरिंग करतो म्हटलं की लोक हसायचे. नाशिकला कुठला समुद्र, म्हणायचे. अरे बाबांनो, समुद्र नाही, पण धरणं किती आहेत ते मोजा. मासे धरणाऱ्यांच्या मोटरबोटी, पर्यटकांना चक्कर मारून आणणाऱ्या बोटी, पुरात माणसं काढायच्या बोटी. प्रत्येकीत बॅटरी, दिवे, इंजिनाचा स्टार्टर आणि तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप. या सगळ्यांच्या तारा जोडायचं काम आमचं. गिऱ्हाईक थोडं, पण एकदा आलं की दुसरीकडे जायचं नाही.

ताई सातवी पास. मी आयटीआयचा, लायसन्सवाला वायरमन, वर सटाण्याकडचा, म्हणजे हट्टीपणात कमी नाही. पॅनल बनवणाऱ्या कारखान्यातली माझी नोकरी गेली होती, पदरात दोन मुलं होती, म्हणून या बाईंकडे आलो. बुटक्या, पन्नाशीच्या, साडीवर कारखान्याचा जुना निळा कोट घातलेल्या. मोटारगाड्यांच्या तारांचे जुडगे बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी वीस वर्षं काढली होती. पहिल्या दिवशी मी सहा जॉइंट करून दिले. देखणे होते, शपथेवर सांगतो. ताईंनी हातात कटर घेतला आणि सहाच्या सहा कापून टाकले.

"अहो ताई, काय झालं?"

"घरातल्या पंख्याला चालतील. घर जागचं हलत नाही ना."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सातवी पास बाई मला शिकवणार. पण त्यांनी रागावून एक शब्द काढला नाही. नवी तार पुढे सरकवली आणि चहा सांगितला. मग चहा पिता पिता एकेक गोष्ट दाखवली. तार कल्हई केलेलीच घ्यायची, नाहीतर दमट हवेने आतून काळी पडत जाते आणि वरून पत्ता लागत नाही. थिंबलच्या वर चिकट अस्तराची नळी गरम करून बसवायची, म्हणजे पाण्याला शिरायला फट राहत नाही. जॉइंटच्या अलीकडे वीतभर तारेला पोट ठेवायचं, खाली झोळ असला की ओघळलेलं पाणी तिथून ठिबकतं, जॉइंटकडे जात नाही. आणि जॉइंटच्या दोन्ही बाजूंना तार बांधून टाकायची, म्हणजे इंजिनाची थरथर जॉइंटने सोसायला नको. "बोटीत कुणाला घाई असेल, पाण्याला नसते," त्या म्हणायच्या. "ते वाट बघत बसतं."

टेबलाखाली मिठाच्या पाण्याची एक बादली असायची. नव्या मापाची तार, नवं थिंबल, नवी नळी आली की एक नमुना करून त्या बादलीत टाकायचा, आठ दिवसांनी काढून, सोलून बघायचा. बादलीत सतत पाच-सहा तुकडे लोंबकळत असत. माझी बायको पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा तिने विचारलं, लोणचं घालता का काय. ताई इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. एरवी त्या फार हसत नसत. हसत नसत म्हणजे खडूस नव्हत्या, पण मधेच कुठेतरी निघून जायच्या. हातात पकड तशीच, आणि माणूस नाही. मी दोनदा-तीनदा "ताई" म्हणालो की परत यायच्या.

कथील वितळवून तार जोडायची सोल्डरिंगची मशीन मात्र दुकानात नव्हती. मी एकदा म्हटलं, घेऊ या, बारीक कामाला बरी पडते. ताई उठून बाहेर गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मी पुन्हा विषय काढला नाही.

त्यांचं घर जवळच्या कॉलनीत. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, मूर्तीपुढे मेणबत्ती आणि बाजूच्या भिंतीवर नामदेवरावांचा, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा फोटो. बोटीत उभे, कमरेवर हात, दात दाखवत हसताहेत. मुलगी प्रज्ञा नर्स होती. नामदेवराव पाण्यात गेले, एवढंच मला शेजारच्या चहावाल्याकडून कळलं होतं. मला वाटलं, म्हणून ताईंना बोटींचं वेड असावं. अर्धंच बरोबर होतं ते.

मग मी ती चूक केली. एका धरणावर फिरायच्या बोटीचं काम होतं, बारा जॉइंट. दुसऱ्या दिवशी सहलीची मुलं येणार म्हणून मालक डोक्यावर बसलेला. ताई धक्क्यावर बॅटरी बघत होत्या, मी आत वाकून वाकून घामाघूम. नऊ जॉइंट ओढून पाहिले. शेवटचे तीन अडचणीत होते, पाठ मोडत होती, आणि इतके नऊ चांगले निघाले म्हणजे तीन काय वाईट निघणार.

"सगळे ओढलेस?" ताईंनी विचारलं.

"सगळे."

"बाराही?"

"हो ताई, बाराही."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग कोटाच्या बाह्या सारून स्वतः आत उतरल्या. मी नखं खात उभा. थोड्या वेळाने वर आल्या, तर हातात एक तार आणि दुसऱ्या हातात थिंबल. वेगवेगळं. पंपाची तार होती ती. मला वाटलं, आता चार शब्द ऐकवतील, कामावरून काढतील. काही नाही. पुन्हा आत जाऊन जॉइंट केला, ओढला, वर आल्या आणि धक्क्यावर पाय सोडून बसल्या. मलाही बसायला सांगितलं. आणि पाण्याकडे बघत मला सगळं सांगितलं.

नामदेवराव धरणाच्या फुगवट्यात पलीकडच्या पाड्यांवरची माणसं या काठावर आणणारी बोट चालवायचे. बोटीतला पंप जुना झाला, नवा आणला, तर त्याची तार तोकडी. "पंप घरी घेऊन आले. म्हणाले, निर्मला, तुझ्या हातचा जॉइंट असला की मला चिंता नाही. मी तेव्हा कारखान्यात सोल्डरिंगच्या टेबलावर पहिल्या नंबरची. जोडली तार, सोल्डर केलं, टेप मारली. चकाकत होता नुसता. ते म्हणाले, दागिना केलास की गं. मला एवढं बरं वाटलं, काय सांगू."

महिन्याभराने भर दुपारी वारा सुटला. माणसं उतरवून नामदेवराव रिकामी बोट परत आणत होते. लाटा आत येत होत्या. काठावरच्या लोकांना दिसलं, की ते एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हातातल्या डब्याने पाणी उपसताहेत. मग ते सुकाणू सोडून दोन्ही हातांनी उपसायला लागले. मग बोट दिसेना. पोहता यायचं त्यांना, पण पाय दोरात अडकला होता. तिसऱ्या दिवशी सापडले.

"डब्याने उपसत होते," ताई म्हणाल्या. "म्हणजे पंप चालत नव्हता. आणि पंप का चालत नव्हता? पुढे मला एका मिस्त्रीने सांगितलं, ताई, बोटीवर सोल्डर चालत नाही. सोल्डर प्यायलेली तार कडक होते आणि थरथरीने नेमकी कडेला तुटते. मला कुणी सांगितलंच नव्हतं रे. कारखान्यात आमच्या तारा हलत नव्हत्या."

मी म्हटलं, "ताई, पण तुटलीच असेल कशावरून?"

"तेच तर. तुटली असेल, नसेल. बोट तिथेच तळाला आहे, पार खोल. माझा जॉइंट तिच्यात आहे. एकदा कळायला हवं मला. तुटला असेल तर तुटला. पण हे मधलं लटकणं नको."

नामदेवराव गेल्यापासून ती बाई लटकत होती. दर मे महिन्यात पाणी किती उतरलं ते विचारायला पाड्यावरच्या काशिनाथला फोन करायची. आता तो फोन कशाचा ते मला कळलं. त्या दिवसापासून ताईंनी मला "ओढलेस का" असं कधीच विचारलं नाही. मी काम संपवलं की त्या गुपचूप येऊन माझे सगळे जॉइंट स्वतः ओढायच्या. वर्षानुवर्षं. मी नंतर एकही सोडला नाही, एकही ढिला निघाला नाही, आणि तरी त्या ओढायच्या. मला ते फार लागायचं, पण बोलणार कुठल्या तोंडाने?

नंतर ताईंची छाती बिघडली. दोन पायऱ्या चढल्या की धाप. मग नाकाला नळी, खाटेशेजारी ऑक्सिजनचं घरघरणारं मशीन, आणि प्रज्ञा रजा टाकून घरी. दुकान मी बघायला लागलो. आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात धरण कधी नव्हे एवढं आटलं. काशिनाथचा फोन मला आला. "ताईंना सांगा भाऊ, बोट उघडी पडली. चिखल लय हाय, पण जाता येतंय."

मी सांगितलं. ताई उठूनच बसल्या. "खाटेसकट ने मला." डॉक्टर कसले सोडतात? संध्याकाळी मला जवळ बोलावलं. "सोनवणे, तू जा. पंपापासून बॅटरीपर्यंत तार बघ. जे असेल ते येऊन सांग. तुटला असेल तर तुटला म्हण, मी तेवढी तयारी केली आहे. फक्त खरं सांग."

"हो ताई," मी म्हणालो.

आणि घरी जाऊन काय केलं ते आता सांगतो, कारण कुणालातरी सांगायला हवं. भंगारातून तेव्हाच्या पंपांना असायची तशी जुनी दुहेरी तार शोधली. शेजाऱ्याकडून सोल्डरिंग मशीन आणली. ताईंच्या हातासारखा जॉइंट केला, तसाच पीळ, टेपही त्या मारतात तशी डावीकडून उजवीकडे. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसलो होतो, त्यांचा हात माझ्या हातात उतरला होता. मग तो तुकडा दुकानातल्या मिठाच्या बादलीत टाकला. ताईंना निरोप दिला, चिखल जरा वाळू दे, आठ दिवसांनी जातो. चिखलाचं निमित्त होतं. जॉइंट जुना दिसेल इतका मुरायला हवा होता. त्यांचा जॉइंट तुटलेला निघाला तर त्यांना हा दाखवायचा, असं मी ठरवलं होतं. मरणाऱ्या बाईला "तुमच्यामुळे गेले" हे मी सांगणार नव्हतो. माझ्यात ती छाती नव्हती.

काशिनाथने काठापर्यंत सोबत केली. तिथून पुढे आला नाही. ज्या बोटीने माणूस घेतला, तिच्यात त्यांच्या पाड्यावरचं कुणी पाय ठेवत नाही, तिच्याकडे तोंडही करत नाही. पाठ फिरवून उभा राहिला बिचारा. मी गुडघाभर चिखलातून एकटाच गेलो. बोट एका कुशीवर कलंडलेली, पत्र्याला गंज, आत मांडीभर गाळ. हाताने गाळ उपसला. पंप सापडला. त्याच्या तोंडात नायलॉनच्या जाळ्याचा बोळा गच्च बसला होता. पंपापासून तार हाताने चाचपत गेलो आणि फळीखाली जॉइंट लागला.

टेप गुळासारखी विरघळलेली. ती पुसली. आतलं सोल्डर काळवंडलं होतं, पण दोन्ही कडांना तारा सलग. मी मीटर लावलं, एक टोक पंपाकडे, एक बॅटरीकडे; तार मधे तुटलेली नसली की ते वाजतं. मीटर वाजलं. दुसऱ्या तारेला लावलं. वाजलं. मी तार बोटाला गुंडाळली आणि ओढली, होती नव्हती ती ताकद लावून ओढली. हलला नाही. चौदा वर्षं पाण्याखाली, आणि हलला नाही.

मी त्या चिखलात बसून रडलो. लाज नाही वाटत सांगायला. पिशवीतला माझा बनावट तुकडा काढला आणि लांब पाण्यात भिरकावून दिला. मग ताईंचा जॉइंट दोन्हीकडे वीत-वीतभर तार ठेवून कापला, रुमालात गुंडाळला आणि मोटारसायकल काढली. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, कापायच्या आधी फोटो काढायला हवा होता. असा चडफडलो. मग म्हटलं, खुद्द जॉइंट खिशात आहे, फोटो हवाय कशाला?

ताई उशीला टेकून बसल्या होत्या. दाराकडे तोंड करून. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"ताई, शाबूत आहे. तुमचा जॉइंट शाबूत आहे. मीटर वाजलं. पंपात जाळं अडकलं होतं, त्यानेच बंद पडला तो. हा बघा."

त्यांनी रुमाल उघडला. तुकडा हातात घेतला, उजेडात धरला, पिळावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आता काहीतरी सुटेल तिथलं, म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात नुसती माया होती.

"बादलीत किती दिवस ठेवलास?" त्यांनी विचारलं.

माझा चेहरा पडला. पडणारच. ठेवला तर होताच एक, आठ दिवस. "नाही ताई," मी म्हणालो, "हा तो नाही." आणि माझ्याच कानाला ते कसं लागलं ते मला कळलं.

"माझ्यासारखाच झालाय. माझ्याच शेजारी बसून शिकलास, होणारच."

"ताई, मुलांची शपथ. हा बोटीतलाच आहे."

"बरं. मग एक सांग. तुटलेला निघाला असता, तर येऊन तसं सांगितलं असतंस?"

मशीन घरघरत होतं. दारात प्रज्ञा उभी होती. मी "हो" म्हणायला तोंड उघडलं. पण बाराही ओढले, असं मी ज्या तोंडाने म्हणालो होतो तेच हे तोंड, आणि समोर तीच बाई. माझ्याने बोलवलं नाही.

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "राहू दे. माझ्यासाठी एवढ्या चिखलात गेलास, तेच खूप झालं. चहा घेऊन जा."

त्यानंतर त्या बावीस दिवस होत्या. मी रोज गेलो. रोज वाटायचं, आज पुन्हा सांगावं. दोनदा सांगितलंही. त्या ऐकून घ्यायच्या आणि मान डोलवायच्या, मी तारेचा आवाज ऐकू आल्याची मान डोलवायचो तशी. मी घेऊन आलो होतो ते खरं होतं. माझ्या उभ्या आयुष्यात मी आणलेलं सर्वांत मोठं खरं, आणि ते द्यायला माझ्याशिवाय कुणीही चाललं असतं. काशिनाथला हाताला धरून बोटीत नेला असता तरी चाललं असतं. पावसाने धरण भरलं आणि बोट पुन्हा पाण्याखाली गेली. आजही पंपाची तार जोडताना मधेच मला ते मीटर वाजलेलं ऐकू येतं आणि हात थांबतो.

ताई गेल्या त्याला आठवडा झाला असेल. प्रज्ञा दुकानात आली, आईचा निळा कोट घेऊन. तुम्हाला राहू दे म्हणाली. जाताना दाराशी थांबली आणि तिने विचारलं, "सोनवणेकाका, आता आई नाही. आता तरी मला सांगा. तो जॉइंट खरंच शाबूत होता?"

"हो गं," मी म्हणालो. "खरंच शाबूत होता."

तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला. तिचे डोळे भरून आले होते.

"आई म्हणाली होती," ती म्हणाली, "काका शेवटपर्यंत असंच सांगतील."